केशर जांभळ्या दिव्याने फुलत नाही

"दहा बाय दहाच्या खोलीत जांभळे एलईडी लावा, घरातच काश्मीर उभं करा, दरमहा लाखो कमवा." हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय, आणि तो वाचून निवृत्तीचे पैसे केशराच्या कंदांत (ज्या गाठींतून केशर उगवतं त्यांत) घालायला निघालेली माणसं मला भेटतात. म्हणून एकेक दावा तपासूया.

'दिवे लावले की फुलं येतात.' नाही. केशराचं फूल कंदात आधीच साठलेल्या अन्नावर उमलतं. म्हणून तर माती-पाण्याशिवाय, नुसते ट्रेमध्ये मांडलेले कंदही फुलतात. फुलाला हवं असतं ते तापमान. साधारण २३ ते २७ अंशांत कंदाच्या आत कळी घडते, मग पारा १७ अंशांच्या आसपास उतरला की ती बाहेर येते. पुण्यातल्या खोलीत हे साधायचं तर थंडावा यंत्राने आणावा लागतो, आणि खरा खर्च तिथे आहे. शिवाय ७-८ ग्रॅमपेक्षा लहान कंद बहुतेक फुलतच नाहीत; त्यांच्यावर कितीही उजेड पाडा.

मग दिवे कशासाठी? फुलं खुडून झाल्यानंतरसाठी. तेव्हा कंद मातीत जातात, गवतासारखी पानं चार-पाच महिने वाढतात आणि त्या पानांनी केलेलं अन्न खाली नव्या कंदांत साठतं. जुना कंद संपून जातो. केशराला बी धरत नाही, त्यामुळे हे नवे कंद म्हणजेच पुढच्या वर्षीचं बियाणं. या काळात प्रकाश कमी पडला की कंद बारीक राहतात आणि पुढच्या ऑक्टोबरला ट्रे सुने. असल्या जाहिरातींच्या व्हिडिओत दिवे फुलांवर झळकतात, या महिन्यांबद्दल मात्र अवाक्षर नसतं. मला राग येतो तो याचाच.

'जांभळाच हवा, पांढरा वाया जातो.' हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, एवढं खरं. पण हिरवाही कामी येतो, पानात तो खोलवर पोचतो. चांगला पांढरा एलईडी पुरतो, आणि पिवळं पडलेलं पान किंवा बुरशी त्यात लगेच दिसते.

'जितके वॅट, तितका प्रकाश.' वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. पानावर किती प्रकाश पडतो, ते दिव्याच्या दर्जावर आणि उंचीवर ठरतं. १०० वॅटचा एक दिवा रोज १० तास लावला तर रोजचं १ युनिट.

'दरमहा लाखो.' केशर वर्षातून एकदाच येतं, शरदातल्या काही आठवड्यांत. एक ग्रॅम सुक्या केशराला साधारण १५० फुलं लागतात. १०० किलो कंद घेतले, प्रत्येक १० ग्रॅमचा, तर ते झाले १०,००० कंद. सगळे फुलले आणि प्रत्येकाला दोन फुलं आली, असं उदारपणे धरलं तरी हाती येतं सुमारे १३० ग्रॅम. त्यातून कंद, थंडावा, वीज, खुडणी वजा करा. कंद विकणाऱ्याला एकच विचारा: याच कंदांपासून तयार झालेल्या नव्या कंदांना दुसऱ्या वर्षी किती फुलं आली?