क्लबचं दप्तर सांभाळायचं तर असं

तुमच्या सायकल क्लबला पन्नास-साठ वर्षं झाली असतील तर जुन्या दप्तराची काळजी घ्यायलाच हवी. आधी जागा बघा. कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल गल्लीतली तळमजल्याची खोली आणि कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. म्हणजे वेळच वेळ. २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आत आलंच, तर करंडक आधी माडीवर न्या. पितळेचा काय भरवसा? रजिस्टर भिजलं तर वाळतंय की!

वाळवायचं मात्र मिटलेलंच, गच्चीवर, कडक उन्हात. पानं एकमेकांना चिकटून छान वीट तयार होते.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावा. काही वर्षांत ती पिवळी पडून निघून येते आणि तिचा तेलकट डाग नेमका मिनिटांच्या रकान्यावर राहतो. वाघबीळपासून पन्हाळ्याचा चढ कोण किती वेळात चढलं, हे मग ज्याचा आवाज मोठा त्यानं सांगावं. (आपल्याकडं त्याची टंचाई नाही.) फोटोच्या मागं बॉलपेननं दाबून नावं लिहा, पुढं प्रत्येकाच्या कपाळावर ती उमटतात. क्लबची पहिली नियमावली किंवा सभासदांची यादी असला फारच मोलाचा कागद सापडला, तर थेट लॅमिनेशन. गरम चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा सुखासुखी निघत नाही. कागद आत निवांत पिवळा पडतो.

गावात पुराभिलेखागार आहे, तिकडं चुकूनही फिरकू नका. संस्थानी कागद सांभाळणारी माणसं ती. गंजलेल्या टाचण्या काढा, पेन्सिलच वापरा, असल्या कटकटी सांगतील. त्यापेक्षा मोबाइलवर फोटो काढून क्लबच्या ग्रुपवर टाका. तिथं अक्षरं आपोआप पुसट होतात, वर चाळीस जणांचे हात जोडलेले येतात. मूळ कागद रद्दीत. ‘स्कॅन झालंय की, कशाला ठेवायलाय ही घाण?’ असं खजिनदार म्हणतीलच.

ऐंशी ओलांडलेले दोन-तीन सभासद अजून असतील. त्यांना आत्ताच काही विचारायची घाई नको. शोकसभेत त्यांच्याविषयी भरपूर बोलता येतं.

राहिली स्मरणिका. क्लब नक्की कोणत्या साली निघाला यावर दोन तट पडतील. ज्या तटाकडं तांबडा-पांढऱ्याचा बेत असेल, त्यांचं साल छापा.