काका, गुडघे वाकवा!

तलवारबाजी म्हटलं की डोळ्यांपुढे किल्ला येतो, घोडा येतो, निदान पिळदार मिशी तरी येते. प्रत्यक्षात येतात त्या मांड्यांना कळा.

मुलीला तलवारबाजीच्या क्लासला सोडायला-आणायला नाशिकच्या पंचवटीत चकरा मारता मारता मीही तिथे नाव घातलं. सर वयाने माझ्या भाच्याएवढे. ते 'ऑन गार्ड' म्हणाले की पुढचं पाऊल समोर, मागचं काटकोनात, दोन्ही गुडघे वाकलेले. एवढंच असतं तर निभावलं असतं. पण तसंच वाकून 14 मीटरच्या पट्टीवर पुढे-मागे नाचायचं.

"काका, गुडघे वाकवा!"

"वाकवलेत की!"

"ती कंबर आहे, काका."

आपल्या तलवारबाज भवानी देवीने टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिली लढत 15-3 अशी मारली, तेव्हा जो तो तिच्या तलवारीबद्दल बोलत होता. त्या बाईच्या पायांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी मात्र हल्ली जिना उलटा उतरतो, कठडा धरून, तोंड वरच्या मजल्याकडे करून. बायको दारातून विचारते, "अहो, काही विसरलात का?"

त्यात ते जाड जॅकेट आणि जाळीचा मास्क. सकाळी हाणलेली मिसळ मास्कच्या आत पुन्हा भेटते.

एवढं सोसून गुण मिळावा, तर तिथे कायदा आडवा येतो. आम्ही खेळतो तो तलवारबाजीतला फॉइल नावाचा प्रकार. त्यात फक्त धडावर टोचायचं. हाता-पायाला लागलं तर यंत्रावर पांढरा दिवा, गुण नाही. टोक किमान 500 ग्रॅमच्या दाबाने रुतलं पाहिजे, नुसतं चाटून गेलं तर दिवाच लागत नाही. आणि दोघांचेही रंगीत, म्हणजे धडावर लागल्याचे, दिवे लागले, तर आधी हल्ला कुणी सुरू केला हे रेफ्री ठरवणार. समोरच्याचा वार आधी तलवारीने अडवायचा, मग आपला हक्क.

"सर, माझा दिवा लागला!"

"लागला ना काका. पण अटॅक समोरच्याचा होता."

रोज द्वारका सर्कल पार करणाऱ्या माणसाला हे कसं पटावं? तिथे ज्याचं नाक आधी घुसलं, त्याचा रस्ता.

शेवटी सरांनीच तोडगा काढला. म्हणाले, "काका, तुम्ही एपी खेळा." एपी हा तलवारबाजीचाच दुसरा प्रकार, त्यात हक्काबिक्काची भानगड नाही. आधी टोचेल त्याचा गुण, आणि दोघांनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात टोचलं तर दोघांनाही. हा खेळ नाशिककरानेच शोधला असावा असं वाटून मी छाती काढून पट्टीवर उभा राहिलो. समोर मुलगी.

तिने छातीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खाली झुकली आणि माझ्या बुटाच्या टोकावर खच्चकन टोचलं.

"बाबा, एपीत अंगठापण चालतो!"

असे पाच गुण तिने बघता बघता घेतले, त्यातले तीन त्याच अंगठ्यावर. लढत संपल्यावर सलाम सक्तीचा असतो, चुकवला तर कार्ड. तेव्हा मास्क काढला आणि एका पायावर लंगडत पोरीला सलाम ठोकला.