पाहुण्याला आवडेल तोच इतिहास

लंडन परिसरातील मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीत भारतात जातात, तेव्हा पूर्वी बहुतेक सगळा वेळ पुणे, नाशिक किंवा कोल्हापूर येथील नातेवाइकांकडे, लग्नकार्यांत आणि कुलदेवतेच्या दर्शनात जात असे. आता त्याला आठवडाभराची एक खासगी सहल जोडली जाते: दिल्ली, आग्रा, जयपूर आणि जमल्यास बनारस. गाडी आणि चालक शेवटपर्यंत तेच, आणि प्रत्येक शहरात त्या शहराचा इंग्रजी बोलणारा गाईड. शाळेत ट्यूडर राजे आणि दोन महायुद्धे शिकलेल्या मुलांना आपला देशही कळावा, या आईवडिलांच्या इच्छेबद्दल मला आदर आहे. या मुलांपैकी बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. घरातल्या कपाटात शिवचरित्र असले तरी ते त्यांच्यासाठी बंदच असते. त्यामुळे आग्र्याच्या किल्ल्यात दोन तास सोबत चालणारा तो अनोळखी माणूस भारतीय इतिहासाचा त्यांचा पहिला, आणि पुष्कळदा शेवटचाही, शिक्षक ठरतो.

महाराष्ट्रात शहरांची नावे, कबरी, पुतळे आणि पाठ्यपुस्तके यांवरून चाललेले वाद मी इथून रोज वाचतो, आणि एक गोष्ट मला फार खटकते. इतिहासासाठी आपण इतके हिरिरीने भांडतो. पण प्रत्यक्ष वास्तूसमोर उभे राहून तो इतिहास हजारो लोकांना सांगणाऱ्या माणसाचे शिक्षण, त्याचा मेहनताना आणि त्याची प्रतिष्ठा यांविषयी त्या वादांत एक वाक्यही नसते.

खासगी सहलीचा हिशेब समजून घेतला की या दुर्लक्षाचे परिणाम स्पष्ट दिसतात. प्रवाशाने भरलेल्या रकमेतला मोठा भाग हॉटेल, गाडी आणि सहल कंपनीकडे जातो. गाईडला मिळतो तो दिवसाचा ठरलेला मेहनताना, आणि तोही मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या हंगामात. एप्रिलनंतर उत्तरेतला उन्हाळा परदेशी पर्यटकांना हाकलून लावतो. ही तूट दुकानांच्या कमिशनमधून भरून निघते. म्हणून आग्र्यात ताजमहालानंतर संगमरवरावरील पच्चीकारीचे, म्हणजे रंगीत दगडांच्या जडावकामाचे, शोरूम येते, जयपूरला रत्ने आणि छापील कापड येते, बनारसला रेशमी कापडाची पेढी येते, आणि फतेहपूर सिक्रीसाठी वेळ उरत नाही. त्यातच परवान्याशिवाय फिरणारे, ज्यांना तिकडे ‘लपके’ म्हणतात, ते दरवाजापाशीच पाहुण्याला गाठतात, आणि पुरातत्त्व खात्याचा किंवा पर्यटन मंत्रालयाचा परवाना मिळवलेल्या गाईडला त्यांच्याशी दराच्या बाबतीत स्पर्धा करावी लागते. ज्याचे घर पाहुण्याच्या खरेदीवर चालते, तो पाहुण्याला न रुचणारी गोष्ट सांगेल, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

खासगी सहलीचे सगळ्यात मोठे बळ आणि सगळ्यात मोठा धोका हे दोन्ही इथेच आहेत. चाळीस जणांच्या बसमध्ये मुलाला प्रश्न विचारता येत नाही. चौघांच्या कुटुंबात तो विचारता येतो, एका कमानीखाली अर्धा तास थांबता येते, थकलेल्या आजीसाठी वेळापत्रक बदलता येते. परंतु चारच श्रोते असले की सांगणाऱ्याला त्यांचे चेहरे वाचता येतात, आडनाव विचारता येते आणि कहाणी त्यानुसार वळवता येते. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची पुराव्याविना चालत आलेली कथा अजूनही सांगितली जाते, कारण ती ऐकताना पाहुणा थरारतो. मराठी आडनाव ऐकले की आग्र्यात फक्त 1666 उरते.

1666 सांगू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. उलट ते फार अपुरे सांगितले जाते, ही माझी तक्रार आहे. 12 मे 1666 रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, अपमान सहन न करता बाहेर पडले, नजरकैदेत राहिले आणि ऑगस्टमध्ये निसटले, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण या प्रसंगाचे अगदी जवळचे समकालीन साधन जयपूरच्या कछवाहा घराण्याच्या दप्तरातून आलेले आहे, हे किती गाईड सांगतात? मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्यावर महाराजांची जबाबदारी होती, आणि त्याच्या पदरी असलेल्या परकालदास याने त्या दिवसांत राजस्थानीत लिहिलेल्या पत्रांत महाराजांचे रूप, त्यांचा लवाजमा, दरबारातला प्रसंग आणि नंतरची धामधूम यांची माहिती आली आहे. म्हणजे ज्या सहलीत आग्र्यानंतर जयपूर येते, त्या सहलीतच या कथेचे दोन भाग आपोआप जुळतात: घटना एका शहरात आणि तिचा साक्षीदार दुसऱ्या शहरातल्या राजघराण्याचा नोकर. अंबरच्या किल्ल्यात मराठी मुलाला हे सांगितले तर इतिहास कशावरून कळतो, हेही त्याला कळेल.

त्याच जयपूरमध्ये मराठ्यांची दुसरी आठवणही आहे, आणि ती आपल्याला ऐकवली जात नाही. त्रिपोलिया बाजाराजवळ इसरलाट नावाचा उंच मनोरा आहे. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांचा मुलगा ईश्वरीसिंह याने तो आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. पुढे खंडणीचा तगादा लावत होळकरांचे सैन्य जवळ आले, तेव्हा 1750 च्या डिसेंबरात याच ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली, आणि 1751 च्या जानेवारीत जयपूरकरांनी शहरात शिरलेल्या हजारो मराठ्यांची कत्तल केली. ही घटना दोन्ही बाजूंनी दुःखद आहे. ती कळल्याशिवाय राजस्थान मराठ्यांकडे कसे पाहत असे, हे समजणार नाही, आणि पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या मदतीला राजपूत का आले नाहीत, हा प्रश्नही अर्धवट राहील.

दिल्लीच्या लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास हे तर या सगळ्याचे सर्वांत बोलके ठिकाण आहे. आज तिथे जे छत दिसते, ते मूळचे नाही. मूळचे चांदीचे छत 1760 मध्ये भाऊंनी सैन्याचा खर्च भागवण्यासाठी काढून वितळवले. पुढे 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने याच किल्ल्यात शाह आलम बादशहाचे डोळे काढले, आणि त्या अंध बादशहाला पुन्हा गादीवर बसवले ते महादजी शिंद्यांनी. 1803 मध्ये शिंद्यांचा पराभव करून इंग्रज सेनापती जनरल लेक याने दिल्ली घेतली, आणि इंग्रजांना दिल्ली मोगलांकडून नव्हे तर मराठ्यांकडून जिंकावी लागली. एका दालनात उभे राहून सांगता येतील अशा या तीन गोष्टी आहेत. पहिली ऐकताना आपण संकोचू, दुसरी ऐकताना मान उंच होईल आणि तिसरी ऐकून वाईट वाटेल. चांगला गाईड तिन्ही सांगतो. पाहुण्याला खूश ठेवण्यास बांधलेला गाईड यातली एकच निवडतो, आणि कोणती, हे समोरच्या कुटुंबावर ठरते.

लंडनमध्ये हे कसे चालते, याची तुलना करताना इकडचे सगळे आदर्श आहे, असे दाखवण्याची माझी इच्छा नाही. ब्रिटनमध्ये कोणीही स्वतःला गाईड म्हणवून रस्त्यावर सहल काढू शकतो. त्यावर कायद्याचे बंधन नाही. पण ब्लू बॅज नावाची पात्रता आहे, तिचा लंडनचा अभ्यासक्रम दीड-दोन वर्षांचा असतो, लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष वास्तूत उभे राहून परीक्षकांसमोर बोलावे लागते, आणि वेस्टमिन्स्टर ॲबेसारख्या महत्त्वाच्या ठिकाणी बाहेरून गट घेऊन येणाऱ्या गाईडकडे हा बॅज मागितला जातो. त्यामुळे त्या माणसाला स्वतःचा दर सांगता येतो आणि तो ज्ञानाचा दर असतो. भारतातही पर्यटन मंत्रालयाची प्रमाणपत्रे आणि ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. मला उणीव जाणवते ती त्या कागदामागच्या कसोटीची आणि त्यानंतर मिळायला हव्या त्या उत्पन्नाची.

ब्रिटनचे आंधळे कोपरेही सांगायला हवेत. व्हाइटहॉलजवळ किंग चार्ल्स स्ट्रीटवर परराष्ट्र खात्याच्या इमारतीपाशी रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आजही उभा आहे, आणि शेजारून जाणाऱ्या बहुतेक सहलींत त्याचा उल्लेखही होत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत सांगण्याची पद्धत बदलते आहे. ब्रिस्टलमध्ये जून 2020 मध्ये गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा निदर्शकांनी पाडून बंदरात ढकलला. शहराने तो बाहेर काढला आणि त्यावरच्या रंगाच्या फवाऱ्यांसह आडवा ठेवूनच संग्रहालयात मांडला, म्हणजे तो माणूस आणि त्याच्यावरचा राग हे दोन्ही एकत्र दिसतात. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखांबद्दल पाळलेली शिस्तही मला महत्त्वाची वाटते. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून मिळाल्याचा मजकूर त्यांच्या डबीवर आहे, हे संग्रहालय सांगते. आणि ती खुद्द महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, हेही सांगते. जुलै 2024 मध्ये ती साताऱ्यात आली, तेव्हा आपल्याकडे या दुसऱ्या वाक्यावरूनच वादंग झाले. माझ्या मते ते वाक्य मोठ्याने सांगितल्याने महाराजांच्या थोरवीला काडीचाही धक्का लागत नाही.

2025 च्या मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला आणि नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा इथल्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतही कबर उखडून टाकण्याची भाषा तावातावाने होत होती. ते मला अनुचित वाटले, आणि आजही वाटते. खुलताबादच्या बाजारात ज्यांचे दुकान आहे, नागपूरच्या त्या वस्तीत ज्यांचे घर आहे, त्यांना त्या वादाची किंमत मोजावी लागते. आम्हाला ती मोजावी लागत नाही, आणि किंमत न मोजणाऱ्यांनी सर्वांत कठोर मागणी करणे मला मान्य नाही. त्याउलट ती कबर पाहण्यासारखी आहे. पाव शतकाहून अधिक काळ दख्खन जिंकण्यासाठी झगडलेला बादशहा 1707 मध्ये अहिल्यानगरजवळ भिंगार येथे मरण पावतो आणि वेरूळपासून काही मैलांवर उघड्या आकाशाखाली मातीत पुरला जातो, हे तिथे उभे राहून सांगितले तर मराठ्यांच्या चिवट लढ्याचा याहून मोठा पुरावा मुलांना कुठे दाखवणार? वेरूळ-अजिंठ्याच्या खासगी सहलीत हे सांगणारा निर्भय गाईड असणे, हे कबर नसण्यापेक्षा मला फार मोलाचे वाटते.

प्रवेशशुल्काबद्दल परदेशस्थ मराठी माणसे जी तक्रार करतात, तीही मी फार महत्त्वाची मानत नाही. ताजमहालासाठी परदेशी नागरिकाला 1100 रुपये आणि मुख्य कबरीच्या इमारतीसाठी आणखी 200 रुपये पडतात, भारतीयाला 50 आणि 200. पण ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओळखपत्र) असणाऱ्यांना 2021 पासून भारतीय नागरिकांचाच दर लागू आहे. कार्ड सोबत ठेवावे म्हणजे झाले. पैसे द्यायचेच असतील तर ते चांगल्या गाईडसाठी द्यावेत, आणि सहल ठरवतानाच दुकाने नकोत, गाईडचा मेहनताना त्या अटीवर वाढवून देऊ, असे लेखी कळवावे. काही सहल कंपन्या हे मान्य करतात.

हे भारतात जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी अहमदाबाद पाहावे. 1997 पासून तिथल्या महानगरपालिकेने काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत पोळांमधून, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांमधून, जाणारी पायी सहल चालवली. पुढे 2017 मध्ये ते शहर भारतातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले. मंदिरापासून मशिदीपर्यंत, मधल्या जैन देरासरांवरून आणि घरांच्या लाकडी कोरीवकामावरून जाणारा हा रस्ता कोणत्याही एका समाजाला खूश करण्यासाठी आखलेला नाही. बनारसमध्ये तर आपल्यासाठीच असा रस्ता आखता येईल: अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास पुन्हा उभे केलेले विश्वनाथाचे मंदिर, शिंदे घाट, भोसले घाट, मराठी वैदिक घराण्यांच्या वस्तीचा ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट, आणि राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेल्या गागाभट्टांचे हे शहर. मात्र त्या वाटेवर ज्ञानवापी मशीदही लागते, आणि तिच्याबद्दल न्यायालयात काय चालले आहे ते भडक न होता सांगू शकणारा माणूस लागतो.

आग्र्यात शिवाजी महाराजांचे स्मारक उभारण्याची घोषणा महाराष्ट्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात केली. मला त्याचा मनापासून आनंद आहे, आणि ते काम हाती घेणाऱ्यांकडे माझी एक विनंती आहे. स्मारकाच्या खर्चातला अगदी लहानसा भाग आग्रा, दिल्ली, जयपूर आणि बनारस येथील परवानाधारक गाईडांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. परकालदासाची पत्रे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अनुवादासह स्मारकात मांडावीत. आणि त्या गाईडांना दरवर्षी काही दिवस इतिहासाच्या अभ्यासकांबरोबर बसवून, त्या दिवसांचा मेहनतानाही द्यावा, म्हणजे हंगाम नसलेल्या मे-जूनमध्येही त्यांना काम मिळेल.