मिठावर हसणाऱ्यांना

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर एक चित्र आलं. गांधीजी, पुढ्यात मिठाची पुडी आणि खाली ओळ, 'मीठ उचलून कुठं राज्य जातं का?' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

अरे, इंग्रजांचा कर कशावर होता ते तरी बघा! मणामागं सव्वा रुपया, तोही मिठावर. सावकाराच्या ताटातलं मीठ असो की सालगड्याच्या भाकरीवरचं, कर तेवढाच. समुद्र दारात असून तिथल्या माणसानं मूठभर मीठ गोळा केलं तर गुन्हा. १९३०ला साठी ओलांडलेला माणूस साबरमतीहून दांडीपर्यंत २४ दिवस चालला, तो उगीच नाही.

आपल्याकडं मराठवाड्यात इंग्रजांचं नाही, निजामाचं राज्य होतं, पण नाक्याचा जाच आपल्या घरांनी सोसलाय. माझी आजी भूमकडची. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा शालू बार्शीहून आणला. बार्शी इंग्रजी हद्दीत, गाव निजामाकडं, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथल्या माणसानं गाठोडं सोडलं, नवा शालू मातीत उलगडला आणि पैसे घेतल्याशिवाय गाडी सोडली नाही. किती पैसे गेले ते आजी कधी बोलली नाही. 'अण्णांनी हात जोडले,' एवढंच सांगायची.

गुजरातेत धारासण्याच्या मिठागरावर झालेल्या सत्याग्रहाचं वाचताना मला दरवेळी अण्णांचे ते हात आठवतात. २१ मे १९३०. सत्याग्रही रांगेनं पुढं गेले, लोखंडी टोकांच्या लाठ्या डोक्यात बसल्या, माणसं पडली, मागची रांग पुढं आली. त्यांनी हात जोडले नाहीत, उगारले नाहीत, फटका अडवायलासुद्धा वर केले नाहीत. हसा आता यावर!

हो, १९३१ला व्हाइसरॉयशी झालेल्या गांधी-आयर्विन करारानंतरही मिठाचा कर गेला नाही, १९४७ उजाडावं लागलं. निजामाविरुद्धच्या आपल्या मुक्तिसंग्रामात नाके जाळले, बंदुकाही चालल्या, मान्य. पण १९३८ला त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करूनच तुरुंगात गेले ना? तो रस्ता त्यांना कुणी दाखवला?

ते चित्र टाकणारा पोरगा माझ्याच चुलतभावाचा. गुणी आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, दांडीची तारीख झोपेतही सांगेल. बाळा, तुझ्यावर राग धरून बसणार नाही. रविवारी घरी ये. धारासण्याची पानं काढून ठेवतो, तू मोठ्यानं वाच. तुझ्या काकूलाही ऐकायचंय.