लोटांगण

काल सकाळी योगवर्गात मी एका अनोळखी बाईंच्या पायांशी लोटांगण घातले. तसा माझा मुळीच मानस नव्हता. मॅट घरी राहिली होती, फरशी नुकतीच पुसलेली होती आणि हात-पाय जमिनीला टेकवून कंबर वर उचलायच्या अधोमुख श्वानासनात तळहातांना घाम सुटला, एवढेच काय ते निमित्त. हात पुढे सरकले, पाय मागे सरकले, आणि मी पोटावर आडवा होत त्या बाईंच्या टाचांपर्यंत पोहोचलो. "अहो, एवढं कशाला!" असे त्या म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने हसले ते काका.

हे काका स्वतः योगासने करत नाहीत. काकूंना सोडायला येतात आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर, घरून आणलेल्या फोमच्या उशीवर बसून, वर्ग संपेपर्यंत आम्हा सर्वांच्या आसनांवर देखरेख ठेवतात.

"मॅट विसरलात ते उत्तमच झालं," ते म्हणाले. "शरीराचा जमिनीशी थेट संबंध हवा."

"काका, ही सिरॅमिकची फरशी आहे."

"तिच्याखाली काय आहे?"

"स्लॅब."

"आणि त्याखाली?"

"पार्किंग."

"आणि पार्किंगच्या खाली?"

"जमीन," मी कबूल केले.

"मग!" काका म्हणाले आणि उशी जरा पाठीमागे सरकवून घेतली.

म्हणजे स्लॅब चालतो, खाली उभ्या असलेल्या मोटारी चालतात; मात्र मध्ये सहा मिलिमीटरची मॅट आली की आमचा आणि पृथ्वीचा संबंध तुटतो. मी काही बोलणार, तोच त्यांनी ठेवणीतला प्रश्न टाकला, "ऋषीमुनींकडे कुठे होत्या मॅट?"

याचे उत्तर मला अर्थातच रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले. गीतेच्या सहाव्या अध्यायात, अकराव्या श्लोकात, योग्याने फार उंच नाही आणि फार सखल नाही असे आसन मांडावे आणि त्यात दर्भ, मृगाजिन म्हणजे हरणाचे कातडे, व वस्त्र असावे असे स्वच्छ सांगितले आहे. चांगले तीन थर झाले! हल्लीची चिकट मॅट मात्र खरोखरच अलीकडची आहे. १९६० च्या दशकात अँजेला फार्मर या योगशिक्षिकेने जर्मनीत गालिच्याखाली अंथरायच्या अस्तराचा तुकडा कापून वापरायला सुरुवात केली, आणि पुढे त्यातूनच हा प्रकार रूढ झाला. हात घसरण्याचा त्रास त्यांनाही होता, हे वाचून मला फार बरे वाटले.

मॅटचे मी आंधळे कौतुक करत नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ गादीसारखी जाडजूड मॅट आणतात आणि एका पायावर उभे राहायच्या वृक्षासनात तिच्यावर वाऱ्यातल्या माडासारखे डुलत असतात, कारण पायाखालचे मऊ असले की तोल राहत नाही. चार ते सहा मिलिमीटर पुरेसे होतात. पण ते नसले म्हणजे काय होते, हे मी काल हाडाहाडाने अनुभवले. उष्ट्रासनात जवळजवळ सगळा भार गुडघ्यांवर आणि नडग्यांवर आला, आणि तिथे हाड व फरशी यांच्यामध्ये फक्त कातडी असते. नौकासनात माकडहाडाने आपले अस्तित्व जाहीर केले. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेतल्यावर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "एकेक मणका जमिनीला टेकल्याचं जाणवू द्या." जाणवत होते; प्रत्येक मणका वेगळा, क्रमवार जाणवत होता. त्यात थंड फरशी अंगातली ऊब शोषून घेते, त्यामुळे शवासनात मन शांत होण्याऐवजी मी फक्त गारठलो. ज्या फरशीवर साधे दहा मिनिटे मांडी घालून बसवत नाही, तिच्यावर तासभर लोळण्याला साधना म्हणायचे, आणि तेही खुर्चीवरून कोणीतरी सांगतो म्हणून, याचा मला अजूनही राग येतो.

त्या शवासनातच मान एका बाजूला कलली आणि काकांच्या खुर्चीचे पाय अगदी डोळ्यांसमोर आले. चारही पायांना काळ्या रबराच्या टोप्या घातलेल्या होत्या.

वर्ग सुटल्यावर मी त्याबद्दल विचारले.

"फरशीवर घसरते हो फार," काका म्हणाले.

माझा उजवा गुडघा आज निळा पडला आहे.