‘२१ दिवसांत सपाट पोट’: भिशीच्या ग्रुपवरचा मेसेज आणि माझी काकू

शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी... बेळगावातल्या बायकांच्या कुठल्याही ग्रुपवर जा, हा मेसेज सापडेल. वर ‘डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’, खाली ‘मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांचं नाव नाही, ते नसतंच. मधे पाच कलमं. सकाळी अनशापोटी गरम पाणी, लिंबू आणि जिरं, म्हणजे चरबी वितळून लघवीवाटे जाते. भात-भाकरी बंद, रात्रीचं जेवण तर पूर्णच बंद. पोटाला प्लास्टिक गुंडाळून रोज शंभर क्रंचेस, म्हणजे उताणं पडून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम. पश्चिम घाटातल्या फळाच्या, म्हणजे गार्सिनियाच्या, कॅप्सूल ‘दोन्ही जेवणांआधी’. (रात्रीचं जेवण बंद केलंय ना? मग दुसरं जेवण कुठलं? असो.) आणि शेवटी: पोट उतरलं की साखर उतरते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या हळूहळू सोडा.

असले मेसेज रोज येतात आणि मी रोज पुसतो. हा पुसता आला नाही, कारण काकू तो पाळत होती. फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं तिनं, “रात्रीचं जेवण सोडलोय बघ. साखरेची गोळी पण अर्धीच घेऊलालोय. खरं पोट उतरूलालंय की!” गोळी अर्धी का, म्हणून विचारलं तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. पहिल्याच आठवड्यात एका रात्री तिला दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते, डोळ्यांपुढं अंधारी. काकांनी साखरपाणी पाजलं, बरं वाटलं. यावर काकूचा निष्कर्ष काय, तर गोळी ‘गरम पडली’. म्हणून गोळी अर्धी. उपास चालूच.

तेव्हा कलमांचा क्रम मी उलटा घेतो, शेवटचं आधी. कारण सगळ्यांत मोठा धोका गोळीशी खेळण्यात आहे.

काकूच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलाय की उपाशी झोपलाय याची ती चौकशी करत नाही. म्हणून तर ती जेवणाबरोबर घ्यायला सांगतात. गोळी घेतली आणि जेवण टाळलं की रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते, आणि तेव्हा जे होतं तेच काकूला त्या रात्री झालं. गोळी गरम पडली नव्हती, ताट रिकामं होतं. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची आणि नंतर काहीतरी खाऊ घालायचं. काकांनी नकळत बरोबर केलं. ते त्या रात्री गावाला गेलेले असते तर, हा विचार मी अजून पुरा करत नाही.

मग मनानं गोळी अर्धी केली तर? दुपारी जेवताना, चार वेळच्या चहाला साखर चढत राहते, आणि चढलेली साखर बहुतेकदा कळतच नाही. घाम नाही, थरथर नाही. माणसाला वाटतं, बरं चाललंय. मूत्रपिंडाचं आणि डोळ्यांच्या पडद्याचं काय चाललंय ते काही वर्षांनी रिपोर्टात दिसतं.

आता नाइलाजानं कबूल करायचं ते करतो. पोट उतरलं की साखर उतरते, हे खोटं नाही. वजन चांगलं उतरलं तर काहींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या बंदसुद्धा होतात. पण ते डॉक्टरांनी रिपोर्ट बघून करायचं काम आहे. आणि पोटाची काळजी करावी हेही खरंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. युडकिन यांचा, दोघं शेजारी शेजारी उभे असलेला, एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या लोकांची चण बारीक असली तरी आत चरबी असते आणि ती पोटाशी साठते. म्हणूनच आपल्याकडं कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. पाळी गेल्यावर बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडं सरकते, हेही आलंच. त्यामुळं काकूची चिंता चुकीची नाही. तिच्या चिंतेवर दुकान मांडणारे चुकीचे.

दुकान म्हणजे ती कॅप्सूल. मेसेज जिच्याकडून आला तीच भिशीतली बाई डबी विकते, हे कळल्यावर मेसेजचा अर्धा अर्थ लागतो. गार्सिनिया म्हणजे आपल्या आमसुलाच्या नात्यातलं झाड. शिरसी-सिद्दापूरकडं कन्नडमध्ये उप्पागे म्हणतात ते. त्याच्या फळाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं, आणि शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ते अडवतं, हे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलंय. इथपर्यंत ठीक. पण काकू उंदीर नाही. माणसांवर काय झालं ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ सालीच छापून आलंय. वजन जास्त असलेली १३५ माणसं, १२ आठवडे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला रोज १,५०० मिलिग्रॅम हे आम्ल, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दोन्ही गटांना चोथा जास्त आणि उष्मांक कमी असा एकच आहार. आम्लवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं. नकली कॅप्सूलवाल्यांचं ४.१ किलो. नकलीनं जास्त उतरवलं असा दावा मी करणार नाही, तेवढा फरक योगायोगानंही पडतो. पण खऱ्या कॅप्सूलचा फायदा शून्य, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं. वजन उतरवलं ते आहारानं. ज्यांना ‘डॉक्टर सांगणार नाहीत’ असं वाटतं त्यांनी लक्षात घ्यावं, डॉक्टरांनी हे सांगून पंचवीस वर्षं उलटून गेली.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य तर ऐकवत नाही. गार्सिनिया असलेली वजन घटवायची औषधं घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढीत आमसूल घालणं वेगळं आणि अर्क काढून रोज तीन-चार कॅप्सूल गिळणं वेगळं. शिवाय डबीत लिहिलंय तेच आत आहे हे कशावरून? सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळं भारतात २०११ साली बंद झालं. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत तेच लपवून घातलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन:पुन्हा सापडलंय.

काकूची डबी फळीवर चहा-साखरेच्या डब्यांच्या ओळीत ठेवलेली होती. हिरवं झाकण, कंबर दाखवणाऱ्या बाईचं चित्र, आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी. काकूला मराठी वाचता येतं, कन्नड बोलता येतं. दवाखान्याचा कागद इंग्रजीत, सरकारी फलक कन्नडमध्ये. तिच्या भाषेत, ‘ताई, घाबरू नका’ म्हणत आरोग्याचं काही आलं असेल तर ते हा मेसेज. ती भोळी आहे म्हणून फसली असं म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न, की गोळी जेवणाबरोबर का घ्यायची हे तिला मराठीत समजावून सांगायला कोण बसलं होतं? मीही नाही, तुम्हीही नाही.

राहिलेली कलमं भराभर. चरबी लघवीवाटे वितळून जात नाही. दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन. लिंबू-जिऱ्याचं पाणी आवडत असेल तर प्या, चहाची साखर तरी वाचेल. प्लास्टिकनं घाम निघतो, वजनकाट्यावर अर्धा किलो कमी दिसतं आणि तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं. क्रंचेसनी पोटाचे स्नायू बळकट होतात, वरची चरबी हलत नाही. २०११ च्या एका प्रयोगात २४ जणांमधल्या काहींनी सहा आठवडे नुसते पोटाचे व्यायाम केले, कंबर होती तेवढीच. चालायला लागा. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडाखालून फेऱ्या मारायला पैसे पडत नाहीत. आठवड्याला दीडशे मिनिटं, आणि दोन दिवस थोडं वजन उचलणं.

भाताचं म्हणाल तर पुन्हा अर्धं खरं. येळ्ळूरच्या शिवारात भात पिकवणाऱ्यांच्या घरी ताटात दोन-दोन वाढप होतात, ते कमी करा, नक्की फरक पडेल. पण जोंधळ्याची भाकरी कोणाच्या वाईटावर आहे? एक भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, हे रात्री आठला जेवलं तर गोळीही सुरक्षित आणि पोटही. बंद करायचंच असेल तर कोणी आला-गेला की उघडणारा कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा बंद करा. चार चहांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम साखर जाते. त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, कारण साखर सोडायला कोणी कॅप्सूल विकत नाही.

काकूला डॉक्टरांकडं नेलं. गोळी पुन्हा पुरी, रात्रीचं जेवण पुन्हा सुरू, यकृताची तपासणी सांगितलीय. भिशीतल्या बाईंनी उरलेल्या डब्यांचे पैसे परत द्यायला नकार दिला, “तुम्ही २१ दिवस पुरे केला नाही” म्हणाल्या. डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक कुठंच नाही. तो नसलेली कुठलीही ‘पूरक’ डबी कोणी हातात दिली तर घेऊ नका, आणि घेतली असेल तर फेकू नका. चारही बाजूंचे फोटो काढा, पैसे दिल्याचा पुरावा ठेवा. याच प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ऑनलाइन सोयीवर तक्रार करता येते. माझे फोटो काढून झालेत.