हौसेला मोल नसतं, टायरला असतं

घरच्यांसाठी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह घ्यायचं ठरलंय आणि जीव दोन गाड्यांत अडकलाय. एक साधी. कापडी सीट, भरपूर डिक्की, कुणी मान वळवून बघावं असं तिच्यात काही नाही. दुसरी राजेशाही: चामडी सीट, काचेचं छत, हवेवर तरंगणारं सस्पेन्शन आणि बॉनेटवर ते चिन्ह. वयाने ती साधीपेक्षा चांगली चार वर्षांनी थोरली, पण किंमत दोघींची एकच. चार जाणत्यांना विचारलंत, चौघांनी साधी घ्या म्हटलं, म्हणून आता पाचव्याकडे आलात. या, बसा. पाचवा तुम्हाला हवं तेच सांगणार आहे: राजेशाहीच घ्या. हौसेला मोल नसतं.

एवढी मोठी गाडी एवढी स्वस्त का झाली, असली शंका मनात आणू नका. पहिल्या मालकाचं मन भरलं असेल. ते नेमकं वॉरंटी संपल्याच्या महिन्यात भरलं, हा निव्वळ योगायोग. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते. तिच्या कंट्रोल आर्मची, हेडलाइटची, एअर स्प्रिंगची उतरत नाही. गाडी सेकंडहँड मिळते, पण पार्टची किंमत ठरवताना कंपनीच्या डोळ्यांसमोर नवी गाडी घेणारा असतो, तुम्ही नसता. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ही म्हण कोंबडीबद्दल आहे, असं स्वतःला बजावत राहा.

गाडी बघायला जाताना तासभर आधी फोन जरूर करा. शिष्टाचार आहे तो. शिवाय विकणाऱ्याला इंजिन गरम करून ठेवायला वेळ मिळतो. थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद सैल झालेल्या टायमिंग चेनचा खडखडाट ऐकू येतो, व्हॉल्व्ह सील गेले असतील तर निळसर धुराचा झोत निघतो. गरम इंजिन असला मनस्ताप देत नाही. बॉनेटला हात लावून बघू नका, चटका बसेल. काही महागड्या इंजिनांत ही चेन पुढे नसते, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते, आणि ती बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. चेन राहिली बाजूला, मजुरीच डोईजड होते. पण खडखडाट ऐकलाच नाही, तर कसली चेन अन् कसलं काय.

फोनचा आणखी एक फायदा आहे. रात्रभर उभ्या गाडीचा एखादा कोपरा खाली बसला असेल, तर तुम्ही पोचेपर्यंत कम्प्रेसर तो उचलून धरतो. एअर सस्पेन्शनमध्ये स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात. रबराला घडी पडते तिथे ते चिरतं आणि हवा हळूहळू निघत राहते. ती भरून काढायला कम्प्रेसर सारखा चालतो. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो, दिवसभर दळण दळायला नाही. म्हणून आधी फुगा जातो, मग कम्प्रेसर जातो. एका बाजूचा फुगा बदलून हात झटकणाऱ्याला लवकरच कळतं की दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा होता.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारा स्कॅनर नेऊ नका. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही, आणखी काय पुरावा हवा? आदल्या रात्री एरर कोड पुसले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना रेडीनेस म्हणतात, त्या स्कॅनरवर अपूर्ण दिसतात. रोज चालणाऱ्या गाडीत त्या पूर्ण असायला हव्यात. म्हणजे पाटी कोरी दिसली, तरी ती नुकतीच पुसलेली आहे हे कळतं. पण लोकांच्या पाट्या तपासत फिरणं बरं दिसतं का?

पायाखालचं कार्पेट ओलं लागलं, तर पाणी सांडलं असेल. सनरूफच्या नळ्या तुंबून ते खालच्या कंट्रोल मोड्यूलपर्यंत पोचतं, हे विसरून जा.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे असं विकणारा सांगेल. कुणाचा लाइफटाइम, हे विचारू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते, पण पोराचं आईबापाला काय कळतं.

आता फोर-व्हील-ड्राइव्हकडे वळू, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. बऱ्याच आलिशान गाड्यांत चारही चाकांना कायम ताकद मिळत नाही. पुढची चाकं गाडी ओढतात आणि मागच्यांना गरज पडेल तेव्हा एका क्लचच्या कपलिंगमधून वाटा मिळतो. हॅल्डेक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव. या कपलिंगचं ऑइल वेगळं असतं, छोटा पंप असतो. क्लचच्या प्लेटा झिजून त्यांचा गाळ पंपाच्या जाळीवर बसतो, पंप घुसमटतो आणि जळतो. मग मागची चाकं नुसती मागून येतात. कित्येकदा दिवाही पेटत नाही. चार चाकांचे पैसे मोजून मालक दोन चाकांवर मजेत हिंडतो, पहिल्या चिखलापर्यंत. साधारण ६०,००० किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि जाळी काढून धुवायची, एवढंच काम. त्यातही ऑइल बदलून जाळीला हात न लावणारे वस्ताद आहेत, कारण बिलात 'ऑइल बदललं' एवढंच लिहायचं असतं. सर्व्हिस बुकात ही नोंद शोधू नका. नसतेच.

आणि टायर. गेल्याच आठवड्यात पुन्हा तीच जाहिरात वाचली: 'फोर-व्हील-ड्राइव्ह, उत्तम स्थिती, पुढचे दोन टायर अगदी नवे.' दोन! केवढा तो अभिमान. अशी जाहिरात दिसली की धावत जा. जरा हिशोब करा, पण गाडी घेऊन झाल्यावर. २३५/५५ आर १९ मापाचा टायर धरा. नवा असताना त्याची नक्षी ८ मिलिमीटर खोल, मागचे झिजून ३ वर आलेले. फरक ५ मिलिमीटरचा, म्हणजे व्यासात १० आणि परिघात सुमारे ३१. नवा टायर एका फेऱ्यात साधारण २.३३ मीटर जातो. झिजलेल्याला तेवढंच अंतर कापायला दर किलोमीटरला जवळजवळ सहा फेरे जास्त घ्यावे लागतात. सहा म्हणजे काहीच नाही? पाचशे किलोमीटरच्या प्रवासात ते तीन हजार होतात. सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता. हा फरक कुणीतरी गिळायचा असतो, आणि तो टायर गिळत नाही, मधला डिफरन्शियल गिळतो, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच. जो एरवी फक्त वळणावर काम करतो, तो आता अखंड वळणावर असल्यासारखा फिरतो. त्याच्याजोडीला व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट द्रवातून ताकद पोचवणारी जोडणी असेल, तर आतलं सिलिकॉन तापून तापून एक दिवस ते जाम होतं. क्लचचं कपलिंग असेल, तर प्लेटा घासत राहतात. सुबारूसारखी कंपनी सांगते की चारही टायरच्या परिघात ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिलिमीटर. काही कंपन्या थोडी जास्त सूट देतात, पण पाच म्हणजे फारच झाले! आणि तरी टायरवाला म्हणतो 'दोनच टाका साहेब, मागचे अजून चालतील', साहेब दोनच टाकतात, आणि वर जाहिरातीत मिरवतात. एकाच मापाचे पण दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर टाकले तरी परीघ जुळेल याची खात्री नसते, हे तर कुणाच्या गावीही नसतं. दोन टायरचे पैसे वाचवून ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, बदलायची, याला काटकसर म्हणत नाहीत. याला मूर्खपणा म्हणतात.

असो. सल्ला द्यायला बसलोय.

ही खराबी ओळखायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ओळखू नका. कोरड्या डांबरी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरायचं. गाडी अडखळली, ब्रेक लागल्यासारखी धरली गेली, चाकं उड्या मारल्यासारखी वाटली, तर मधलं कपलिंग किंवा डिफरन्शियल जाम आहे. विकणारा म्हणेल, 'फोर बाय फोर अशीच चालते.' माना.

साधी घेणाऱ्यांनी एवढ्यात हसू नये. साध्या गाड्यांतल्या पुष्कळशा पार्ट-टाइम असतात: मधला डिफरन्शियलच नाही, फोर-एच, म्हणजे नेहमीच्या वेगासाठीचं फोर-व्हील, लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्का बांधला जातो. चिखलात, वाळूत, बर्फात उत्तम, कारण चाक घसरून ताण सोडतं. कोरड्या रस्त्यावर घसरायला जागा नसते, ताण गिअरमध्ये साठत जातो. पण पाऊस थांबून दोन तास झाले तरी फोर-एच चालूच ठेवणारे शूर कमी नाहीत. उलट काहींनी लो रेंज, म्हणजे अवघड चढाला लागणारे कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर, कधी लावलेलीच नसते, आणि लावायला जावं तर गंजलेली मोटर किंवा दांडा हलत नाही. चेसिसवर ताजा काळा रंग दिसला तर खूश व्हा. गंज लपवलाय असं म्हणणारे जळतात तुमच्यावर.

मधला मार्गही आहे, पण तो कुणाला आवडत नाही. लेक्सस जीएक्स ही टोयोटाच्या लँड क्रूझर प्राडोच्याच सांगाड्यावर उभी राहिलेली गाडी. कातडं राजेशाही, हाडं साधी, आणि मधला डिफरन्शियल असल्यामुळे चारही चाकं कायम चालू. आणि गंमत म्हणजे १९७० साली पहिली रेंज रोव्हर आली, तेव्हा तिच्यात व्हिनाइलच्या सीट होत्या आणि आतून पाण्याच्या पाइपने धुता यावी अशीच ती बनवली होती. राजेशाहीची आजी साधीच होती.

घरातली माणसं मोजू नका. मागच्या मधल्या सीटखाली शाफ्टसाठी उंचवटा असतो आणि तिथे बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे हा त्याचा प्रश्न. मुलांच्या तीन सीट शेजारी-शेजारी बसतात का, हे डिलिव्हरीच्या दिवशी बघा. डिक्कीत स्टेपनी आहे की नुसती पंक्चरची बाटली, हे रात्री आडरानात बघा.

पण अहो, पुरे झालं. मुलांना घेऊन जायची गाडी आहे ना ही? चार चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात आणि थांबवतात ते टायर. हे माहीत नसताना तुम्ही चिन्ह बघून गाडी निवडता. असतील नसतील ते पैसे गाडीच्या किमतीत ओतता, पहिल्या वर्षाच्या कामासाठी हातात दमडी ठेवत नाही. मग ऑइल पुढच्या वर्षी, जाळी बघू नंतर, आणि टायर चारऐवजी दोन. दोन वर्षांनी गाडी धरायला लागली की कोड पुसून, इंजिन गरम करून, 'पुढचे दोन टायर अगदी नवे' लिहून दुसऱ्याच्या गळ्यात मारता. ती जाहिरात लिहिणारा कुणी वेगळा नसतो. तो तुम्हीच असता, दोन वर्षांनंतरचे.

दोन्ही गाड्यांच्या चार टायरचा, ब्रेक डिस्कचा, गिअरबॉक्स आणि कपलिंगच्या ऑइलचा, सस्पेन्शनच्या एका कोपऱ्याचा भाव काढा आणि कागदावर लिहा. राजेशाहीचा आकडा बघून पोटात गोळा आला, तर ती गाडी तुमची नाही. नाही आला, तर घ्या खुशाल. बघायला जाल तेव्हा आधी खाली वाका, चारही टायरवरचं नाव, माप आणि बनावटीच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी मोजा. आणि बदलायची वेळ आली की चारही बदला. चार. मोजता येतं ना?